अंतराळ स्थानक 2035 मध्ये पूर्ण होणार, मग आतापासून काय बघायचं?

तुम्ही विचारलंय, भारतीय अंतराळ स्थानक 2035 पर्यंत पूर्ण व्हायचंय, तर आज त्यात बघण्यासारखं काय आहे? मी परभणीचा. इस्रोशी माझा काही संबंध नाही, पण या कामावर मनापासून लक्ष ठेवून आहे. माझं मत असं की खरं बघण्यासारखं आत्ताच चाललंय.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पहिल्या मॉड्यूलला, म्हणजे स्थानकाच्या पहिल्या सुट्या भागाला, मंजुरी दिली. ते 2028 पर्यंत वर न्यायचंय आणि 2035 पर्यंत एकूण पाच जोडायची आहेत. जोडणं हीच यातली अवघड गोष्ट, म्हणून आधी स्पेडेक्स, म्हणजे अंतराळात दोन उपग्रह एकमेकांना जोडून बघण्याची इस्रोची मोहीम, समजून घ्या.

30 डिसेंबर 2024 ला सुमारे 220 किलोंचे दोन उपग्रह सोडले. जानेवारीत जोडणी दोनदा पुढे ढकलली गेली. 12 तारखेला दोघांना तीन मीटरवर आणलं आणि परत मागं नेलं. आमच्या शेजारचे काका रोज विचारायचे, "अजून जमंना का त्यांना?" मला तर ते मागं नेणंच फार आवडलं. दोन्ही उपग्रह ताशी सुमारे 28 हजार किलोमीटरनं पळतायत आणि एकमेकांना भिडायचंय सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटरच्या वेगानं! तिथं घाई करून चालतच नाही. हाती आलेली माहिती तपासली आणि 16 जानेवारीला जोडणी झाली. एप्रिलमध्ये ते दुसऱ्यांदा जोडले, तेव्हा शेवटचे 15 मीटर मध्ये कुठं न थांबता आपोआप पार केले आणि एका उपग्रहातून दुसऱ्यात वीजही पाठवून दाखवली. स्थानकात मॉड्यूलना एकमेकांची वीज लागणारच, त्यामुळे मला ही बातमी पहिल्या जोडणीइतकीच मोठी वाटते.

स्थानक म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल तर आंतरराष्ट्रीय स्थानक गच्चीवरून बघा. वेळा नेटवर मिळतात, दिवेलागणीनंतर ते न लुकलुकता सरकताना दिसतं. मुलांना जरूर दाखवा.

आता माझं लक्ष रॉकेटवर आहे. इस्रोचं एलव्हीएम३ रॉकेट पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत साधारण 8 टन नेतं, पहिलं मॉड्यूल मात्र 10 टनांच्या आसपास आहे. ही तूट भरून काढायला सेमिक्रायोजेनिक, म्हणजे केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं, इंजिन हवं. त्याच्या मुख्य भागाची पहिली मोठी ज्वलन चाचणी 28 मार्च 2025 ला तमिळनाडूत महेंद्रगिरीला झाली. टीव्हीवर अशा चाचण्यांना फारशी जागा मिळत नाही, म्हणून इस्रोच्या संकेतस्थळावर महेंद्रगिरीचं नाव दिसलं की ती बातमी पूर्ण वाचा.