वाचकांचे प्रश्न : गवत कापण्याचे यंत्र पेट्रोलचे घ्यावे की बॅटरीचे?

प्रश्न : आमचे घर नाशिकमध्ये मखमलाबाद परिसरात असून घराभोवती सुमारे चार गुंठे मोकळी जागा आहे. शिवाय दिंडोरी तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात दोन्हीकडे गवत माजते. आजवर ते मजुरांकरवी विळ्याने कापून घेत होतो, पण आता ऐन वेळी माणूस मिळत नाही. पेट्रोलवरचा ग्रास कटर घ्यावा असे थोरल्या भावाचे मत आहे, तर मुलगा बॅटरीचाच घ्या म्हणतो. एकाच यंत्रात दोन्हीकडचे काम भागेल का?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : एकाच यंत्रावर भागवायचे असेल, तर पेट्रोलचे फोर-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे न लागणारे) यंत्र घ्यावे, म्हणजे आपल्या बंधूंचे म्हणणे मान्य करावे लागेल. मात्र चिरंजीवांचे म्हणणेही अंगणापुरते रास्त आहे, कारण बागेतले गवत आणि अंगणातले गवत ही दोन निराळी कामे आहेत.

बॅटरीचे यंत्र किती वेळ चालेल, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा बॅटरीवर छापलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहावा. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास असे लिहिले असेल, तर तिच्यात १४४ वॉट-तास वीज मावते. अंगणातल्या कोवळ्या गवताला मोटर २५० वॉट ओढते असे धरले, तर अर्धा तास सहज निघतो. पण भाद्रपदात बांधावर कमरेएवढे वाढलेले, बुडख्याशी टणक झालेले गवत समोर आले आणि मोटर ५०० वॉट ओढू लागली, की सतराव्या मिनिटाला यंत्र थांबते. २ अँपिअरच्या चार्जरवर तीच बॅटरी पुन्हा भरायला किमान दोन तास लागतात. आता पेट्रोलचा हिशेब पाहा. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास). लहान इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत घालवते, तरीही पात्यापर्यंत दीड युनिट पोहोचते असे धरले, तर एक लिटर पेट्रोल म्हणजे वरच्यासारख्या दहा बॅटऱ्या झाल्या. गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षवेलीच्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीच्या, आधी बाग स्वच्छ करायची घाई असते आणि त्या दिवसांत यंत्र सलग पाच-सहा तास चालवावे लागते. तेव्हा दहा बॅटऱ्या पाठीवर घेऊन कोणी बागेत जात नाही, आणि शेतीपंपाच्या विजेच्या पाळ्याही आपल्या सोयीने येत नाहीत.

बॅटरीचे यंत्र घेतलेच, तर एका फसवणुकीपासून सावध राहावे. लिथियम-आयनच्या एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा ४.२ व्होल्ट असतो. म्हणून पाच सेलची बॅटरी कोणी १८ व्होल्टची म्हणून विकतो, कोणी २१ व्होल्टची म्हणून, आणि यात दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. पण तसल्याच बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’ किंवा ‘८८ व्हीएफ’ असा शिक्का मारून ती स्वस्तात विकली जाते, तेव्हा मात्र तो आकडा शोभेचा असतो. चार्जर उलटा करून त्यावरच्या बारीक अक्षरांतला आउटपुटचा आकडा वाचावा. तिथे २१ व्होल्ट असतील, तर आतले सेल पाचच्या ओळीतलेच आहेत.

पेट्रोलचे यंत्र कामाने फारसे बिघडत नाही; ते बिघडते पडून राहिल्याने. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास टाकीत पाऊण लिटर पेट्रोल तसेच ठेवून यंत्र पडवीत टांगले आणि मृगाचा पाऊस झाल्यावर उतरवले. दोरी ओढून ओढून खांदा दुखून आला, पण इंजिन नुसते खोकत राहिले. कारागिराने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून दाखवला, तेव्हा आतल्या केसाएवढ्या छिद्रावर मधासारखा पिवळट चिकट थर बसलेला होता. आता तर पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे साचतात. त्यामुळे हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच यंत्र ठेवून द्यावे. बॅटरीलाही पडून राहण्याचे पथ्य आहे, पण ते सोपे आहे. तिला पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून न ठेवता निम्मी भरून ठेवावी आणि चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये तापू देऊ नये.

अंगणासाठी मात्र मी बॅटरीचेच यंत्र निवडीन. चार गुंठ्यांतून घर, ओटा आणि झाडे वजा केली, तर कापायचे गवत दोन बॅटऱ्यांत आटोपते. निवासी भागासाठी कायद्याने दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल ठरवली आहे आणि पेट्रोलच्या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ डेसिबलच्या वर जातो. रविवारी सकाळी सात वाजता ते सुरू केले, तर शेजारी काय बोलतील हे मी लिहिण्याची गरज नाही. पुढेमागे दोन्ही यंत्रे घेणे परवडत असेल, तर आधी बागेचे घ्यावे.

बागेत कोणतेही यंत्र वापरले, तरी खरी भीती वेलीच्या खोडाला असते. पात्याऐवजी लावतात ती गरगर फिरणारी नायलॉनची दोरी गवतासारखीच सालही सोलते. दोन-तीन वेळा त्याच जागी फटका बसला, की खोडाभोवती कडे पडते आणि वेल हळूहळू मान टाकते. ठिबकची नळी गवतात लपलेली असेल, तर ती कापली गेल्याचे पाणी सोडल्यावरच कळते. म्हणून नळी आधी वर बांधून घ्यावी आणि खोडापासून वीतभर जागा खुरप्यासाठी सोडावी. लोखंडी पाते फक्त बांधावरच वापरावे. चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास ते घड्याळाच्या उलट फिरते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोका घेत कापावे. पात्याची पुढची उजवी कड दगडाला लागली, तर यंत्र जोराने उलटा झटका देते. गाजर गवत फुलावर येण्याआधी कापले, तरच पुढच्या वर्षीचे बी कमी होते. डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट असल्याशिवाय कोणाच्याही हाती यंत्र देऊ नये. उडालेला खडा दूरवर जातो, आणि आपल्याकडच्या बांधावर घोणस असतेच.

प्रश्न : आमच्या यंत्रात पेट्रोलबरोबर ऑइल किती घालावे, याबद्दल प्रत्येकजण वेगळे सांगतो.
— एक वाचक, निफाड

उत्तर : ते यंत्रावर अवलंबून आहे. फोर-स्ट्रोक असेल, तर पेट्रोलमध्ये काहीही मिसळायचे नाही. इंजिन ऑइल वेगळ्या झाकणातून घालायचे असते, आणि ३५ सीसीच्या इंजिनला ते जेमतेम १०० मिलिलिटर लागते. टू-स्ट्रोक असेल, तर पुस्तिकेत ५०:१ लिहिले असल्यास एका लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ लिहिले असल्यास ४० मिलिलिटर टू-टी ऑइल घालावे. नुसते पेट्रोल घातले, तर पिस्टन थोड्याच वेळात जाम होतो. मजुराच्या हाती यंत्र देणार असाल, तर मिश्रणाचा डबा वेगळा ठेवून त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत प्रमाण लिहून ठेवावे.