'वंश आणि विनोद'चा कोर्स घेणार असशील तर

तू विचारलंस की ऑगस्टमध्ये पदवीसाठी अमेरिकेत येते आहेस, पहिल्याच सेमिस्टरला 'वंश आणि विनोद' हा लेखनाचा कोर्स मिळालाय, तर पेपर कसे लिहायचे आणि वर्गात काय बोलायचं. इथे पीएचडी करताना मी पहिल्या वर्षाचे असे वर्ग शिकवले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे पेपर म्हणजे परीक्षा नव्हे, चार-पाच पानांचा निबंध. आधी कच्चा खर्डा, त्यावर वर्गातल्या मुलांचे शेरे, मग प्राध्यापकांशी भेट आणि पुन्हा लेखन, असं ते चालतं. खर्डा अर्धवट असला तरी चालतो, पण त्यात वाद घालता येईल असा दावा हवा. "विनोद हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग आहे" अशी आपल्याला शाळेपासून सवय असलेली सुरुवात इथे थेट खोडली जाते.

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू घे. १९९० पासून त्याला हँक अझारिया या गोऱ्या नटाचा आवाज होता. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने त्यावर माहितीपट केला, मोठा वाद झाला, आणि २०२० मध्ये अझारियाने तो आवाज देणं सोडलं. "अपूमुळे भारतीयांची चुकीची प्रतिमा तयार झाली" असं लिहिलंस तर सगळे माना डोलावतील आणि पेपर तिथेच संपेल. "अपू पीएचडी झालेला हुशार माणूस आहे, पण मालिका त्याच्या हुशारीपेक्षा त्याच्या उच्चारांवर जास्त हसवते" असं लिही, म्हणजे एकेक प्रसंग काढून ते दाखवावं लागेल. मग कुणीतरी विचारेलच, त्या मालिकेत सगळ्यांचीच टिंगल होते, अपूचं वेगळं काय? त्या प्रश्नाला दोन परिच्छेद दे. माझ्या मते पेपरचा जीव तिथेच असतो.

वर्गात गप्प बसू नकोस, सहभागाला मार्क असतात. पण इतिहास माहीत करून घेऊन बोल. १८३० च्या दशकापासून गोरे नट चेहरा काळा करून गुलामांची नक्कल करायचे आणि नाटकगृहं भरायची. 'जिम क्रो' हे अशाच एका पात्राचं नाव, पुढे वंशभेदाच्या कायद्यांनाही तेच चिकटलं. म्हणून तोंडाला काळं फासून केलेली गंमत इथे गंमत राहत नाही, हॅलोविनलाही नाही. काळ्या लोकांसाठीची ती जुनी शिवी पाठ्यपुस्तकात छापलेली असली तरी मोठ्याने वाचू नकोस, 'एन-वर्ड' म्हण. आणि वर्गात एकच काळा विद्यार्थी असेल तर "तुला काय वाटतं?" म्हणून सगळ्या समाजाचं उत्तर त्याच्याकडे मागू नकोस. तुलाही कुणीतरी भारताची प्रवक्ती करू पाहील, तेव्हा "मी माझ्यापुरतं सांगते" एवढं म्हणायला पूर्ण मुभा आहे.

आपण या चर्चेत पाहुणे आहोत असं मात्र समजू नकोस. 'गोरी वधू पाहिजे'च्या जाहिराती आपल्याच वर्तमानपत्रांतल्या, आणि सावळ्या मुलीवरचे, जातीवरचे विनोद आपल्याच घरांतले. शेवटच्या मोठ्या पेपरला विषय निवडू दिला तर फुल्यांचं 'गुलामगिरी' घे, असं मी आग्रहाने सांगेन. १८७३ चं हे पुस्तक फुल्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय. धोंडीबा नावाच्या पात्राशी संवाद करत ते मत्स्य, कच्छ, वराह अशा अवतारांची एकेक करून खिल्ली उडवतात. म्हणजे इथे हसणारा खालचा आणि ज्याच्यावर हसायचं तो वरचा, नकली काळ्या चेहऱ्यांच्या नाटकांच्या बरोब्बर उलट. इंग्रजी भाषांतर मिळतं, पण तुला मूळ मराठी वाचता येतं, त्याचा फायदा घे. फक्त "जात म्हणजेच वंश" असं एका वाक्यात उरकू नकोस. दोन्ही कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, हाच तुझा दावा होऊ शकतो.

उतारा, कल्पना, आकडा, जे दुसऱ्याचं असेल त्याचा संदर्भ दे, स्वतःच्या शब्दांत लिहिलंस तरी. एआयबद्दल प्रत्येक प्राध्यापकाचा नियम वेगळा असतो, तो सिलॅबसमध्ये आधी वाच. आणि बहुतेक कॉलेजांत रायटिंग सेंटर असतं, फुकट. तिथे व्याकरण दुरुस्त करून देत नाहीत, तुझा खर्डा समोर ठेवून प्रश्न विचारतात. पहिल्या पेपरपासूनच वेळ घेऊन ठेव, सेमिस्टरच्या शेवटी तिथे जागा मिळत नाही.