कॅलिफोर्नियातले नॉर्थ ब्लूमफील्ड हे सोन्याच्या खाणीचे गाव ओस का पडले आणि युबा नदीशी त्याचा काय संबंध आहे?

सोने संपले म्हणून गाव ओस पडले असेल, असे वाटू शकते. पण सोने संपलेले नव्हते. खाण थांबली ती युबा नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांनी लढवलेल्या एका खटल्यामुळे. मी त्याच खोऱ्यात राहतो आणि या इतिहासाकडे नेहमी खालच्या गावांच्या बाजूने पाहतो. तसे पाहिल्याशिवाय तो नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

१८४८ मध्ये कोलोमा येथे सोने सापडल्यावर सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या ओढ्यांत माणसांची रीघ लागली. पात्रातले सहज मिळणारे सोने थोड्याच वर्षांत सरले. उरले ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लुप्त नद्यांच्या वाळू-गोट्यांच्या थरांत, म्हणजे आताच्या डोंगरमाथ्यांवर. तिथे सोने इतके विरळ होते की कुदळीने खणणे परवडत नसे. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटेसन यांनी कापडी नळीला तोटी लावून पाण्याचा झोत दरडीवर सोडला, आणि डोंगर फोडण्याऐवजी तो धुऊन काढण्याची रीत सुरू झाली.

नॉर्थ ब्लूमफील्डला, ज्याला आधी हंबग म्हणत, या रीतीने टोक गाठले. उंचावरच्या तलावांतून कालव्यांनी आणलेले पाणी लोखंडी नळांतून खाली येई आणि ‘मॉनिटर’ नावाच्या तोफेसारख्या तोटीतून एवढ्या जोराने सुटे की दरडीच्या दरडी कोसळत. तो चिखल लांबच लांब लाकडी पन्हळींतून वाहत जाई. पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असत आणि त्यांच्या खोबणींत पारा ओतलेला असे. सोन्याचे बारीक कण पाऱ्याला चिकटून राहत, पुढे ते मिश्रण तापवून पारा उडवला की सोने मागे उरे. पण प्रत्येक धुण्यात काही पारा चिखलाबरोबर नदीत जाई. उरलेला राडा बाहेर टाकण्यासाठी तिथल्या खाण कंपनीने १८७४ पर्यंत सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला, आणि त्या वाटेने गावाजवळच्या मॅलाकॉफ खाणीचा डोंगर हंबग ओढ्यात, तिथून दक्षिण युबा नदीत उतरू लागला.

खाली सपाटीवर नदीचा वेग मंदावतो, म्हणून गाळ तिथेच बसला. सपाटीवरच्या मेरीसव्हिल या गावाजवळ युबाचे पात्र गावातल्या रस्त्यांपेक्षाही उंच झाले. लोकांनी बांध घातले, गाळ आणखी चढला, बांध पुन्हा वाढवावे लागले. अखेर जानेवारी १८७५ मध्ये पूर गावात शिरला. काठची शेते आणि फळबागा वाळू-गाळाखाली गेल्या. पुढे भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९१७ च्या अहवालात अंदाज मांडला, त्यानुसार केवळ युबाच्या खोऱ्यात सुमारे ५२ कोटी घनमीटर राडा आला होता.

मेरीसव्हिलचे एक मालमत्ताधारक एडवर्ड्स वुडरफ यांनी नॉर्थ ब्लूमफील्डच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत राडा सोडण्यास कायमची मनाई केली. खाणकामावर बंदी आली असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. बंदी होती ती राडा खाली सोडण्यावर. मात्र सगळा हिशेबच नदीने राडा फुकट वाहून नेण्यावर बेतलेला असल्यामुळे, तो खर्च स्वतःच्या अंगावर येताच मोठे खाणकाम परवडेनासे झाले. राडा अडवणारे बांध घालून काम करू देणारा केंद्राचा कायदा १८९३ मध्ये आला, पण जुना जोर परतला नाही आणि गावातली माणसे हळूहळू पांगली.

आता ते गाव मॅलाकॉफ डिगिन्स या राज्य ऐतिहासिक उद्यानात आहे. जुनी लाकडी घरे आणि झोतांनी कापलेले तांबडे-पिवळे कडे तिथे पाहता येतात. तुम्ही गेलात तर केवळ ते कडे पाहून परतू नका, मेरीसव्हिलचे बांधही पाहा. डोंगरातला गाळ अडवण्यासाठी १९४१ मध्ये बांधलेले एंगलब्राइट धरण अजून उभे आहे; त्यावरून मासे वर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे सॅमन माशांची वरच्या युबातली जुनी वाट तिथेच तुटते. गाळातला पाराही गेलेला नाही. तो माशांच्या शरीरात साठतो, म्हणून या भागातले काही मासे किती खावेत याबद्दल सरकार आजही सूचना देते.