बुक क्लबमध्ये तोंडच उघडवत नाही, काय करू?

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी जळगावकडची, लग्न होऊन पुण्यात आले, आता वय ३८. कोथरूडमध्ये एका बुक क्लबला जाते, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी भेटतो आणि एका कादंबरीवर बोलतो. मागच्या वेळी 'कोसला' होती. एक काका अर्धा तास अस्तित्ववादावर बोलले, सगळे माना डोलवत होते. मी मधेच काहीतरी सांगायला गेले तर बोलण्यात 'पानी' आलं आणि एकांनी हसून 'पाणी' असं सुधारलं, झालं, पुढचं माझं बोलणंच विसरले. मिस्टर म्हणतात सोडून दे, घरी वाच. पुढच्या महिन्यात 'रणांगण' आहे. जाऊ की नको? — मागे बसणारी"

अगं, जा. नक्की जा.

आधी त्या 'पाणी'बद्दल. कादंबरीवर बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबवून त्याचा उच्चार सुधारणं हा उद्धटपणाच आहे, हसून केला म्हणून तो कमी होत नाही. त्यात तुझी काडीचीही चूक नाही. परत कुणी तसं केलं तर "बरं, तर मी काय सांगत होते" एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं, वाद घालत बसू नकोस, त्यात तुझाच मुद्दा राहून जातो.

आणि मला खरं वाईट कशाचं वाटलं सांगू, पुस्तक 'कोसला' होतं गं! १९६३ सालची कादंबरी, खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, वडलांचे पैसे उडवतो आणि शेवटी गावाकडे परत जातो. त्या खोलीत खानदेशातून पुण्यात आलेली बहुतेक तू एकटीच असशील. घरून आलेल्या पैशाचं ओझं काय असतं, सुट्टीत घरी गेलं की वडलांसमोर कसं बसावं लागतं, पांडुरंगची धाकटी बहीण मनी गेल्याचं जिथे येतं तिथे ते घर कसं असेल, हे तू सांगितलं असतंस तर काकांच्या अस्तित्ववादाचेही पाय जरा जमिनीला लागले असते. काकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, तेही पुस्तकावरच्या प्रेमानेच बोलत असणार, पण अर्धा तास एकट्याने बोललं की बाकीच्यांचं वाचलेलं तसंच पिशवीत परत जातं.

आता 'रणांगण'चं बघ. १९३९ ला आलेलं, विश्राम बेडेकरांचं, छोटंसं आहे, दोन-तीन दुपारी होऊन जाईल. युरोपातून येणारं जहाज, त्यावर चक्रधर आणि जर्मनीतून निघालेली ज्यू मुलगी हर्टा. वाचताना हातात पेन्सिल ठेव आणि जिथे थांबावंसं वाटेल, राग येईल, परत मागे जाऊन वाचावंसं वाटेल अशा दोनच जागांवर खूण कर, लायब्ररीचं असेल तर चिठ्ठी घाल. मीटिंगमध्ये मत सांगायला जाऊ नकोस, पान सांग. "अमुक पान काढा, इथे चक्रधर हर्टाशी असं वागतो, मला हे पटलं नाही, तुम्हाला काय वाटतं?" एवढं पुरे. पुस्तकं उघडतात, सगळे त्या ओळी शोधतात आणि मग बोलणं आपोआप पुस्तकावर येतं, कुणाची भाषा कशी याकडे कुणाचं लक्षही राहत नाही. जड शब्द वापरणाऱ्यालासुद्धा प्रेमाने "कुठल्या पानावर तसं वाटलं तुम्हाला?" असं विचारता येतं, मी हे पुष्कळदा बघितलंय, चर्चा तिथून चांगली रंगते. शक्यतो सुरुवातीलाच बोल, जितका उशीर तितका घसा कोरडा पडतो.

अजून एक, क्लब जे कुणी चालवतात त्यांना आधीच पर्सनल व्हॉट्सॲप कर, ग्रुपवर नको. लिही की सुरुवातीला सगळ्यांनी दोन-दोन मिनिटं आपापली जागा वाचून दाखवली तर आवडेल. बहुतेक जण हो म्हणतात, कारण गप्प बसणारी तू एकटी नसतेस, चहा घेताना जिन्यात खरं बोलणाऱ्या बायका तुलाही माहीत असतील. आणि पुस्तक पूर्ण झालं नसेल तर तसं सांगून टाक, न वाचता माना डोलवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मिस्टरांचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण घरी तर तू वाचतेसच, तुला बोलायला माणसं हवीयत म्हणून तू तिकडे गेलीस ना.

अजून दोन-तीन वेळा जाऊन बघ. तरीही काकाच बोलत राहिले आणि तुझा उच्चारच निघत राहिला तर त्या जिन्यातल्या बायकांना घेऊन वेगळी सुरुवात कर. चार जणी पुरतात, सोसायटीचा हॉल नाहीतर कुणाचं तरी स्वयंपाकघर चालतं. नवीन प्रती घ्यायची गरज नाही, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, आणि पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं आहे, तिथे सभासद व्हा. पहिलं पुस्तक मात्र तू निवड, आणि ते कुणी आणि का निवडलं हे पहिल्या दिवशी स्वतःच्या बोलीत सांग.

— ताई