सकाळचे सात म्हणजे आपले किती?

परीक्षा संपत आल्या की आमच्या नागपुरातल्या, धरमपेठेतल्या सहलींच्या ऑफिसात वैतागलेल्या लोकांचे दोन गट येतात. पहिल्या गटाला ताडोब्याच्या कोअर जंगलातल्या सफारीचं बुकिंग मिळालेलं नसतं, दुसऱ्याला ऑर्लंडो किंवा ओसाकाच्या थीम पार्कमधल्या राईडचं. तक्रार एकच, पैसे द्यायला तयार असूनही मिळत का नाही? ताडोब्यावर मी अनेकदा लिहिलंय. या वेळी दुसऱ्या गटाची पत्रं घेतो, कारण बहुतेक सगळ्यांची गाडी एकाच खड्ड्यात अडकलेली दिसते.

आम्ही चौघं मे महिन्यात ऑर्लंडोला चाललो आहोत. डिस्नेची चार दिवसांची तिकिटं काढून झाली. आता राईडसाठी परत वेगळं बुकिंग लागतं म्हणतात. मग तिकीट कशाचं काढलं? (मनीषनगर)

फाटकातून आत जाण्याचं. आत गेल्यावर साध्या रांगेत उभं राहायला एक पैसा जास्त लागत नाही. लांबलचक रांग चुकवायची असेल तर शेजारी दुसरी, छोटी रांग असते. तिचं नाव लायटनिंग लेन, आणि तिचे पैसे वेगळे. १९९९ मध्ये ही सोय फास्टपास या नावाने फुकट सुरू झाली, कागदी चिठ्ठी मिळायची. २०२१ पासून पैसे लागू लागले आणि जुलै २०२४ पासून तिचे दोन मुख्य प्रकार झाले. मल्टी पासात एका दिवसासाठी तीन राईड आधी निवडता येतात, एक वापरली की पुढची मिळते. ज्यांच्यासाठी पोरं हट्ट धरतात त्या मात्र बहुधा सिंगल पासात असतात, म्हणजे प्रत्येकीचे पैसे निराळे: ट्रॉन, कॉस्मिक रिवाइंड, राइज ऑफ द रेझिस्टन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज. अशा दिवसाला दोनच घेता येतात. दर तारखेनुसार बदलतो, तेव्हा "साधारण किती पडेल?" असं मला विचारू नका. तुमच्या तारखेला डिस्नेच्या ॲपमध्ये दिसेल तोच दर खरा.

आणि चारही दिवस पास घेऊ नका. आधी घरात बसून ठरवा, कोणती राईड हुकली तर खरंच रडू येईल. यादी तीन-चार नावांवर येते.

राईडचं बुकिंग सकाळी सातला उघडतं. आपले तेव्हा किती वाजतात? भाचा म्हणतो साडेचार, ट्रॅव्हलवाला म्हणतो साडेपाच. (प्रतापनगर)

दोघंही बरोबर आहेत, महिना कोणता ते दोघांनीही सांगितलं नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फ्लोरिडातली, म्हणजे ऑर्लंडोतलीही, घड्याळं तासभर पुढे असतात. त्या काळात तिथले सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार, एरवी साडेपाच. हे मी फजिती करून घेऊन शिकलोय. एका मार्चमध्ये एका कुटुंबाला मीच छातीठोकपणे साडेपाचला बसायला सांगितलं. घड्याळं दोन दिवसांपूर्वीच सरकली होती. ते बसले तोवर फ्लाइट ऑफ पॅसेज त्या दिवसापुरती संपली होती. त्या घरी मला अजून चहा मिळतो, पण कपाबरोबर "काका, वाजले किती?" हेही मिळतं.

दिवसाचं गणित असं. डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी बुकिंग करता येतं, तेही सगळ्या मुक्कामाचं, १४ दिवसांपर्यंतचं. बाहेर उतरणाऱ्यांना प्रत्येक पार्कदिवसाच्या ३ दिवस आधी. आता नागपूरहून निघणाऱ्याची पंचाईत बघा. सोमवारी पार्क असेल तर बुकिंग शुक्रवारी दुपारी साडेचारला उघडणार, आणि नेमके तेव्हा तुम्ही सोनेगाव विमानतळावर बॅगांचं वजन करत असणार किंवा मुंबईच्या विमानात फोन बंद करून बसलेले असणार. तेव्हा बुकिंगला कोण बसणार हे आधीच ठरवा. मागे राहणारा मुलगा असो, मावशी असो, घरातलंच कुणी असू द्या.

आवारातलं हॉटेल असेल तर आणखी एक. अवघड राईड मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी शोधा. बाहेर उतरलेल्यांना तो दिवस अजून उघडलेला नसतो, त्यामुळे वेळा शिल्लक सापडतात.

यूट्यूबवर पाहिलं की सातच्या ठोक्याला व्हर्च्युअल क्यूमध्ये, म्हणजे ॲपवरच्या रांगेत, नाव टाकलं तर ट्रॉन आणि कॉस्मिक रिवाइंड फुकट मिळतात. त्यासाठी आधी पार्क रिझर्वेशन, म्हणजे त्या दिवसाच्या प्रवेशाची आगाऊ नोंद, लागतं म्हणे. (नंदनवन)

व्हिडिओ कधीचा आहे ते बघितलंत का? ट्रॉनची ती रांग २०२४ मध्ये बंद झाली, कॉस्मिक रिवाइंडची २०२५ मध्ये. तारखेच्या तिकिटांना पार्क रिझर्वेशन ९ जानेवारी २०२४ पासून लागत नाही. "जिनी प्लस घ्या" (हे मल्टी पासाचं जुनं नाव) असं सांगणारा माणूस दिसला की व्हिडिओ बंद करायचा. डिस्नेच्या स्वतःच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. नियम पुन्हा बदलतील, त्यामुळे माझा हा मजकूरही वर्षभराने आंधळेपणाने वापरू नका.

ओळखीच्या एजंटकडून "व्हीआयपी, ऑल राइड्स इन्क्लूडेड" पॅकेज घेतलंय. हॉटेल "डिस्ने एरिया"त आहे. तिकिटं निघायच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणतो. खातं वगैरे उघडायची गरज नाही, "ताई, तुम्ही निवांत राहा," असं त्याचं म्हणणं. राहू का? (शिक्षिका, त्रिमूर्तीनगर)

नका राहू. या एका पत्रासाठी मी बाकीच्यांची जागा कमी करतोय.

"ऑल राइड्स इन्क्लूडेड" हे खोटं नाही, म्हणूनच ते धोकादायक आहे. डिस्नेच्या सगळ्यात स्वस्त तिकिटावरही सगळ्या राईड असतात, साध्या रांगेतून. तो तुम्हाला भाताबरोबर ताट फुकट देतोय. खरोखरच वेळ न निवडता प्रत्येक लायटनिंग लेनमधून एकेकदा नेणारा पास आहे, प्रीमियर पास. त्याला माणशी, दिवसाला शेकडो डॉलर मोजावे लागतात. तुमच्या पॅकेजमध्ये तेवढी जागाच नसेल तर तो पासही त्यात नाही, मग "व्हीआयपी" सोनेरी अक्षरांत छापलेलं का असेना.

"डिस्ने एरिया" हाही तसलाच शब्द. आवाराबाहेरच्या किसिमीतलं हॉटेलही डिस्ने एरियात आणि इंटरनॅशनल ड्राइव्हवरचंही. ७ दिवसांचा हक्क हॉटेलच्या नावावर ठरतो, अंतरावर नाही. हॉटेलचं पूर्ण नाव आणि बुकिंग क्रमांक आजच मागून घ्या.

आता मूळ दुखणं. राईडचं बुकिंग होतं ते तुमच्या डिस्नेच्या खात्यातून. खात्यात तिकिटाचा क्रमांक जोडलेला हवा, सोबतच्या सगळ्यांची नावं एका यादीत हवीत, हॉटेल आवारातलं असेल तर तेही जोडलेलं हवं. यातलं काहीही नसेल तर साडेचारला तुम्ही नुसता फोन हातात धरून बसाल. निघायच्या आदल्या दिवशी तिकीट आलं म्हणजे हे सगळं जोडायला जेमतेम एक दिवस उरतो, आणि आवारातल्यांची ७ दिवसांची खिडकी तर कधीच उघडलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात असंच एक कुटुंब संध्याकाळी सातला ऑफिसात आलं. विमान दुसऱ्या दिवशीचं. वडिलांनी टेबलावर फोन ठेवला. त्यात चार क्यूआर कोडचा एक फोटो, खाली "गेस्ट १, गेस्ट २". क्रमांक अर्धे कापलेले. एजंट फोन उचलत नव्हता, उचलला तेव्हा कुठल्यातरी लग्नात होता, मागे बँड वाजत होता. क्रमांक मिळवून, चौघांची नावं घालून, सगळं जोडेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. सेव्हन ड्वार्फ्स या राईडची एकच वेळ उरली होती, रात्री ९:४० ची. त्यांची धाकटी आठला झोपते. आईने ती वेळ घेतली नाही, काही बोललीही नाही, फोन पालथा ठेवला.

एजंट उशीर का करतात? मीही याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. तुमचे पैसे जानेवारीत येतात. तिकीट शेवटी काढलं की तोवर ते पैसे फिरवता येतात, शिवाय तुम्ही पॅकेज बदलाल ही भीती राहत नाही. काहींना तर खातं लागतं हेच माहीत नसतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा "निवांत राहा" म्हणणं सोपं. तिकीट एजंटच्याच खात्यात अडकलं तर ते सोडवायला डिस्नेला फोन करत बसावं लागतं, तेही त्यांच्या वेळेत.

तुम्ही आज एवढं करा. ई-मेल लिहून (फोन नको) तिकीट क्रमांक, हॉटेलचं नाव, आणि कोणता पास कोणत्या दिवसाचा ते मागा. खातं स्वतःच्या नावाने उघडा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर पावत्या घेऊन एखाद्या वकिलाला किंवा ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, विचारा. तिकिटंच बनावट निघाली तर वेळ न घालवता १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पण आधी त्याच्याशी नीट बोला, सगळेच लबाड नसतात.

मुलगी सहा वर्षांची, उंची १०५ सेंमी. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. कोणत्या राईडचे पास घ्यावेत? (बेसा)

मुलीला सेव्हन ड्वार्फ्स (९७ सेंमी) आणि राइज ऑफ द रेझिस्टन्स (१०२) चालतील. कॉस्मिक रिवाइंड (१०७), फ्लाइट ऑफ पॅसेज (११२), ट्रॉन (१२२) नाही. दोन सेंमीसाठी जाड तळव्याचे बूट घालून पोरीला पट्टीखाली उभं करणारे आईबाप मी पाहिलेत. तसं करू नका, ती मर्यादा सीटच्या पट्ट्यासाठी असते. लहान मूल बसू शकत नसेल तर एक पालक आधी जातो आणि दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही, त्याला रायडर स्विच म्हणतात. तिथल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्यापूर्वी सांगायचं.

सासऱ्यांचं उत्तर मी देणार नाही. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ देतील. राईडची नावं लिहून घेऊन जा, "झोपाळाच आहे साधा" असं सांगू नका.

टोकियो डिस्नेचे जलद पास नागपुरातूनच काढून ठेवता येतात का? (सदर)

प्रवेशाची तिकिटं येतात, साधारण दोन महिने आधी, जपानच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्या साडेदहाला. पैशांचा प्रीमियर ॲक्सेस पार्कात शिरल्यावरच ॲपवर घेता येतो, डिस्नेचं स्वतःचं मुक्कामी पॅकेज घेतलं तरच अपवाद. २९ एप्रिल ते ५ मे मात्र टाळा. आपल्या पोरांना तेव्हा सुट्टी असते तशी सगळ्या जपानलाही असते.

ओसाकाच्या युनिव्हर्सलचं तिकीट आहे, तरी निन्टेंडोच्या भागात सोडत नाहीत म्हणतात. (वर्धमाननगर)

गर्दीच्या दिवशी नाही सोडत. सुपर निन्टेंडो वर्ल्ड २०२१ मध्ये उघडलं तेव्हापासून त्या भागासाठी वेळेची वेगळी चिठ्ठी लागते. ती फुकट आहे, पण तिकीट ॲपमध्ये नोंदवून, पार्कात शिरल्यावर मिळते, आणि संपते. नक्की हवं असेल तर त्या भागाचा प्रवेश धरलेला एक्सप्रेस पास (रांग चुकवायचा युनिव्हर्सलचा पैशांचा पास) आधी घ्या. त्यातही कोणत्या राईड आणि कोणत्या वेळा ते वाचा. ऑर्लंडोच्या युनिव्हर्सलचा एक्सप्रेस केव्हाही दाखवा आणि शिरा असा असतो, ओसाकाचा तसा नाही. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावून लोक फसतात.

सिंगापूरच्या युनिव्हर्सलला जूनमध्ये एक्सप्रेस घ्यावा का?

घ्या. जूनमध्ये तिथल्या शाळांनाही सुट्टी असते.

पास काढताना कार्ड तीनदा नाकारलं गेलं. खात्यात पैसे भरपूर आहेत. (रामदासपेठ)

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, आपण सुरू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी आणि ऑनलाइन दोन्ही चालू करा, मर्यादा वाढवा, आणि ओटीपी येणारा नंबर परदेशात चालेल का ते शाखेत विचारा. हे साडेचारला करायचं काम नाही. आदल्या आठवड्यात करून ठेवा, आणि घरातलं दुसरं कार्डही तयार ठेवा.

राईड ऐनवेळी बंद पडली तर पैसे परत?

डिस्नेत बहुधा पैसे नाही, दुसऱ्या राईडवर चालणारा पास मिळतो. जागीच निळ्या छत्रीखालच्या कर्मचाऱ्याला विचारा. नागपूरला परतल्यावर मला विचारून उपयोग नाही.

ओळखीने काही होत असेल तर सांगा. माझे साडू ह्यूस्टनला असतात. (महाल)

ह्यूस्टन टेक्सासमध्ये आहे.

अमेरिकेच्या व्हिसाची तारीख अजून घेतलेली नाही. सासरे म्हणतात, आपल्या विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला दोन आठवडे जास्त, घाई काय? दरम्यान राईडचे पास काढून ठेवू का? (हनुमाननगर)

पास ७ किंवा ३ दिवस आधीच मिळतात, तेव्हा ते आज मिळणारच नाहीत. विमानाची आणि हॉटेलची परत न मिळणारी बुकिंगं व्हिसा हातात येईपर्यंत करू नका. राहता राहिला व्हिसा. पुढची मोकळी तारीख दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर आज रात्री बघा, मला विचारू नका, ओळखीच्यांनाही नाही. सासऱ्यांचे ते जास्तीचे दोन आठवडे बघताबघता संपतात. आणि लॉगिन करण्याआधी घरातले सगळे पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर मांडा. मागच्या आठवड्यात एका घरी सहा जणांचं सगळं ठरलं, राईडची यादीसुद्धा झाली, तेव्हा कळलं की आजीचा पासपोर्ट गेल्या दिवाळीतच संपलाय.