पाठ टेकली की डोकं सुरू

प्रश्न : अंथरुणाला पाठ टेकली की उद्याची कामं, राहिलेले फोन, मुलीची फी, सगळं एकदम आठवतं. एक-दीड वाजतो. आकडे मोजून पाहिले, उपयोग नाही.

उत्तर : आकडे इतके सवयीचे असतात की एकीकडे मोजणी चालू राहते आणि दुसरीकडे फीचा विचारही. त्याऐवजी डोक्याला चित्रं द्या. ‘कमळ’सारखा साधा शब्द घ्या. ‘क’वरून कढई, कंदील, कणीस, कपाट. प्रत्येक वस्तू पाच-सात सेकंद नीट बघा : कढईचे कान, तळाचा काळा थर. सुचेनासं झालं की ‘म’. वस्तूंची एकमेकींशी सांगड घालू नका. गोष्ट जुळली की मन पुन्हा कामाला लागतं. ‘कर्ज’ आठवलं तर सरळ पुढे जा. ही युक्ती कॅनडातले संशोधक ल्यूक बोदुआँ यांची.

त्याआधी, जेवण झाल्यावर पाच मिनिटं उद्याची यादी करा, नेमक्या शब्दांत. नुसतं ‘फी’ नव्हे, ‘अकरा वाजता बँकेत फी भरणे’. मोघम लिहिलेलं घोळतच राहतं. यादी कागदावरच; मोबाइल हातात घेतला की निरोप दिसतात.

साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. मंद दिव्यात काहीतरी रटाळ वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. सकाळी उठायची वेळ मात्र तीच, रविवारीसुद्धा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. दुपारनंतर चहा नको. आठवड्यात तीन रात्री असं होत तीन महिने उलटले असतील, तर डॉक्टरांना दाखवा.