पूर्वपक्षालाच निकाल समजू नका

प्रश्न (भुसावळ): 'तालमूदमध्ये (यहुदी धर्मग्रंथात) असं लिहिलंय' म्हणत मोबाइलवर वाक्यं फिरतात. खरी की खोटी, कसं ओळखावं?

उत्तर: आधी पत्ता मागा. तालमूद हा अनेक ग्रंथांचा संच, म्हणून त्याचा पत्ता तीन भागांचा: ग्रंथाचं नाव, पान, पानाची बाजू. बाबिली तालमूदच्या (तालमूद म्हटलं की सहसा हाच) रूढ छपाईत जवळजवळ प्रत्येक ग्रंथ पान २ पासून सुरू होतो आणि सर्वांत मोठा आकडा बावा बात्रा या ग्रंथाचा, १७६. कुणी 'पान १' किंवा 'पान ३००' सांगितलं तर तिथेच थांबा. 'लिब्रे डेव्हिड' नावाचा ग्रंथ तर मुळात नाहीच, तरी त्याचे दाखले दिले जातात.

पत्ता जुळला तरी मोठी चूक पुढेच होते. तालमूद म्हणजे आज्ञांची यादी नव्हे. इसवी सन २०० च्या सुमाराची मिश्ना, म्हणजे नियमांचं संकलन, आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चर्चा, म्हणजे गमारा, असा तो ग्रंथ आहे. आपल्या शास्त्रार्थासारखाच: पूर्वपक्ष मांडायचा, आक्षेप घ्यायचे, मग निर्णय. त्यात जुन्या छपाईत प्रश्नचिन्हं नाहीत, त्यामुळे खोडलेलं मत सुटं काढलं की निकाल वाटतं. म्हणून वाक्याआधीच्या मिश्नेच्या उताऱ्यापासून पुढच्या मिश्नेच्या उताऱ्यापर्यंत सगळं वाचा. 'तेयुव्ता' आलं तर मत खोडलं गेलं, 'तेकू' आलं तर प्रश्न अनिर्णित राहिला. मूळ आणि इंग्रजी अनुवाद सेफारिया संकेतस्थळावर मोफत आहेत. एवढे कष्ट न घेता पुढे पाठवलेलं वाक्य एका समाजावर अन्याय करतं.

प्रश्न (रावेर): 'डोळ्याबद्दल डोळा' हा यहुदी कायदाच ना?

उत्तर: शब्द तोरातले, म्हणजे यहुदींच्या मूळ धर्मग्रंथातले आहेत, पण तालमूदमधल्या बावा कामा या ग्रंथात पान ८३ च्या दुसऱ्या बाजूपासून त्यांचा अर्थ पैशातली भरपाई असा लावला आहे. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कोणता डोळा काढणार, असा सवाल तिथेच आहे. भरपाईच्या बाबी पाच: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी, अप्रतिष्ठा. रब्बी (यहुदी धर्मपंडित) एलिएझर यांचं 'अक्षरशः डोळा' हे मतही पान ८४ वर आहे. तेवढंच उचललं जातं. त्यांनाही भरपाईच अभिप्रेत होती, हा गमारेचा खुलासा मात्र गळतो.

याच ग्रंथात शेतीच्या नुकसानीचे नियमही आहेत. पऱ्हाटी जाळताना आग शेजारच्या केळीत गेली तर? जाळणारा भरपाई देतो. पण आग चार हात उंच भिंत, रहदारीचा रस्ता किंवा नदी ओलांडून गेली असेल तर तो सुटतो.